कुत्र्याची खाज आणि माणसाची घाई

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतून किंवा पालघरच्या बाजारपेठेतून जाताना केस गळालेले, स्वतःचेच पंजे चावीत बसलेले एखादे कुत्रे दिसले की त्याच्यावर ‘लुतेले’ असा शिक्का मारून मोकळे होण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. हा शिक्का एकदा बसला की पुढचे सारे ठरलेलेच असते. रस्त्यावरचे कुत्रे असेल तर त्याच्या वाट्याला दगड येतात. घरातले असेल तर आधी गॅरेजमधले जळके ऑइल, रॉकेल किंवा फिनेल यांचे प्रयोग होतात आणि ते फसले की एखाद्या रात्री त्याला दूर नेऊन सोडले जाते. या शिक्षेस पात्र ठरलेल्या कुत्र्यांपैकी काहींना तरी लूत झालेलीच नसते. त्यांना ॲलर्जी असते, म्हणजे कशाचे तरी वावडे असते.

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये योजला. मराठीतला ‘वावडे’ हा शब्द त्याहून जुना आणि तितकाच नेमका आहे. इतरांना जो पदार्थ निरुपद्रवी असतो, तोच एखाद्याच्या शरीराला शत्रू वाटतो आणि शरीराची संरक्षणव्यवस्था त्याच्याविरुद्ध विनाकारण शस्त्र उचलते. माणसात याची खूण बहुधा शिंका, वाहणारे नाक किंवा दमा ही असते. कुत्र्यात मात्र या संघर्षाची झळ मुख्यतः त्वचेला लागते. पंजे सतत चाटणे, कान खाजवणे, तोंड जमिनीवर घासणे, काखेत व जांघेत लाली येणे ही त्याची प्रारंभीची लक्षणे होत. त्यांना ‘सवय’ म्हणून सोडून दिले जाते. पुढे खाजवून जखमा होतात, त्यांत जंतू व बुरशी शिरते, दुर्गंधी सुटते आणि मग तीच सवय ‘लूत’ ठरते.

वस्तुतः लूत हा निराळा विकार आहे. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळीवर्गीय जीवांमुळे होतो. त्याचा एक प्रकार एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे पसरतो आणि माणसालाही काही काळ खाज आणू शकतो. दुसऱ्या प्रकारात असा संसर्गच होत नाही. ॲलर्जी तर मुळीच संसर्गजन्य नाही. हे भेद नुसत्या नजरेने कळत नाहीत. त्वचा खरवडून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. त्यातही संसर्गजन्य लुतीचे जीव कित्येकदा सापडत नाहीत. म्हणून संशय असल्यास पशुवैद्य प्रथम लुतीचे औषध देऊन पाहतो आणि मगच ॲलर्जीचा विचार करतो. हा क्रम उलटा केला की उपचार फसतो.

कुत्र्यांतील ॲलर्जीची कारणे प्रामुख्याने तीन. पहिले पिसवांचे. पिसवेच्या लाळेचे वावडे असलेल्या कुत्र्याला मोजके दंशही पुरतात. शेपटीच्या मुळाशी व पाठीच्या मागील भागावर ते बेभान होऊन चावू लागते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या केवळ प्रौढ पिसवा. अंडी, अळ्या व कोश अंथरुणात, फटींत, अंगणातल्या मातीत असतात. केवळ कुत्र्याला आंघोळ घालून काही साधत नाही ते यामुळेच. थंड देशांत हिवाळा पिसवांना लगाम घालतो. पालघरच्या उष्ण व दमट किनारपट्टीवर तशी उसंत मिळत नाही. येथे घरातील सर्व प्राण्यांवर आणि घरावरही बारमाही उपाय योजावा लागतो.

दुसरे कारण घरातील धुळीत वाढणारे सूक्ष्म जीव, बुरशी व परागकण यांचे. ही प्रवृत्ती बहुधा जन्मतःच असते आणि सामान्यतः वयाच्या सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत प्रकट होते. ती समूळ जात नाही. मधुमेहाप्रमाणे ती आयुष्यभर आटोक्यात ठेवावी लागते.

तिसरे कारण अन्नाचे. कोंबडीचे मांस, गोमांस, दूध व गहू यांचे वावडे तुलनेने अधिक आढळते. ते ठरवण्यासाठी रक्ततपासणी भरवशाची नाही. किमान आठ आठवडे त्या कुत्र्याने पूर्वी कधीच न खाल्लेले अन्न द्यावे, खाज ओसरली तर जुने अन्न पुन्हा देऊन पाहावे आणि खाज परतली तर निदान पक्के मानावे, हीच खरी कसोटी. दूध-पोळी व कोंबडीवर वाढलेल्या बोईसरच्या कुत्र्याला भात व मासळी हे नवे अन्न ठरेल. सातपाटीच्या कोळीवाड्यात मासळीवरच पोसलेल्या कुत्र्याला ते ठरणार नाही. ही योजना पशुवैद्याच्या सल्ल्यानेच आखावी. चहात बुडवलेले एक बिस्कीटही ती उधळून लावते, हे घरातल्या प्रत्येकाला समजले पाहिजे.

तारापूर म्हटले की आणखी एक कारण ओठांवर येते, ते कारखान्यांचे. ही शंका निराधार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले होते. त्यापूर्वी २०१७ च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत भटकी कुत्री चक्क निळी झालेली दिसली आणि रंगद्रव्य सोडणाऱ्या कारखान्याला टाळे लागले. तथापि येथे विवेक हवा. दाहक रसायन अंगाला लागले तर ते कोणत्याही कुत्र्याची त्वचा पोळते. ती इजा आहे, वावडे नव्हे. प्रत्येक खाज धुराच्या माथी मारली तर पिसवा मोकळ्या सुटतात. आणि प्रत्येक इजेला ‘ॲलर्जी’ म्हटले तर सांडपाणी सोडणारा मोकळा सुटतो. अचूक निदान दोघांनाही सुटू देत नाही.

उपचारातील घाईही तितकीच घातक आहे. स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले की खाज झपाट्याने ओसरते आणि मालक समाधानाने घरी जातो. थोड्या काळाने खाज परतते, इंजेक्शनही परतते. योग्य मात्रेत, अल्पकाळ दिलेले स्टेरॉइड उपयुक्तच असते. परंतु कारण न शोधता वर्षानुवर्षे तेच देत राहिल्यास तहान व भूक अतोनात वाढते, त्वचा विरळ होते, जंतुसंसर्ग बळावतात, मधुमेहही संभवतो. आता खाजेवर नेमका परिणाम करणारी नवी औषधे निघाली आहेत, पण ती महाग आहेत. शिक्षकाच्या वा कारकुनाच्या पगारात ती दरमहा बसत नाहीत. म्हणूनच पिसवांचे नियंत्रण, कुत्र्यांसाठीच्या सौम्य शाम्पूने नियमित स्नान, पावसाळ्यात पंजे पुसून कोरडे करणे आणि अंथरूण कढत पाण्याने धुणे या स्वस्त उपायांचे मोल मोठे आहे. जळके ऑइल मात्र औषध नव्हे, विष आहे. कुत्रे अंग चाटते तेव्हा ते थेट पोटात जाते.

प्रश्न उरतो तो सोयींचा. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८८६ पासूनची असली, तरी खाजणारे कुत्रे घेऊन प्रत्येकाने पालघरहून परळ गाठावे ही अपेक्षा अवाजवी आहे. २०१४ मध्ये पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या तालुक्यांतील पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडण गाई-म्हशी डोळ्यांसमोर ठेवून झाली, हे समजण्यासारखे आहे. परंतु एक सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या आणि आठवड्यातला एक दिवस लहान प्राण्यांसाठी, एवढी मागणी अवास्तव नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के हिस्सा सामाजिक कार्यावर खर्च करावा लागतो आणि त्या कार्यांच्या यादीत प्राणिकल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे. तारापूरच्या कारखान्यांच्या दाराशी रात्रभर जागणाऱ्या कुत्र्यांसाठी त्यातला अल्प अंश निघाला, तर तो उपकार नव्हे, परतफेड ठरेल.

मुक्या प्राण्याला आपले दुखणे सांगता येत नाही. खाजवणे हेच त्याचे सांगणे. ते ऐकून घेण्याआधीच त्याला हाकलून देणारा समाज स्वतःला दयाळू म्हणवू शकत नाही. निदान आधी व्हावे, निवाडा नंतर. माणसांच्या बाबतीत हे तत्त्व मान्य आहे. कुत्र्याच्या बाबतीत ते पाळायला एक काचपट्टी आणि थोडा धीर पुरेसा आहे.