गाडीच्या पोटातली ठकठक

मैत्रिणींनो, या खेपेचं पत्र लोणच्याला बुरशी आली म्हणून नाही की साडीवरचा डाग जात नाही म्हणूनही नाही. आमच्या श्रीगोंदा तालुक्यातल्याच एका भगिनीनं ते लिहिलंय. यजमान नोकरीसाठी बाहेरगावी असतात. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी दौंडला न्यावं लागतं आणि गाडी ती स्वतःच चालवते. गाडी दहा वर्षांची. पुढच्या डाव्या चाकाखालून ‘ठक’ असा आवाज यायचा. गॅरेजमध्ये दाखवली, तर “दोन्ही लोअर आर्म गेलेत” असं सांगून त्यांनी बाजारातले, म्हणजे गाडीच्या कंपनीचे नसलेले, आर्म टाकून दिले. दीड महिना बरा गेला आणि आवाज परत सुरू! वर डाव्या टायरची आतली कड पार गुळगुळीत. टायरच्या दुकानात म्हणाले, “मॅडम, कँबर आउट आहे, मशीन लावून वाकवून देतो.” आता ती विचारते, “ताई, त्या चार पुरुषांपुढे मी काय बोलू? त्यांना वाटतं, हिला काय कळतंय!”

आधी याच वाक्याचं बघू. मिक्सरच्या आवाजावरून भांड्याखालचं कपलर गेलंय हे कोण ओळखतं? कुकरची शिट्टी नीट झाली की नुसतीच वाफ गेली, हे दुसऱ्या खोलीत बसून कुणाला कळतं? तोच कान गाडीला लावायचा. रोज गाडी चालवणाऱ्या बाईनं ‘आवाज नवा आहे’ म्हटलं, तर तो नवाच असतो. “जुनी गाडी, आवाज करणारच” हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

मात्र नुसतं ‘आवाज येतो’ म्हणून भागत नाही. कधी येतो, ते सांगता आलं पाहिजे. आधी डिकी रिकामी करा. सैल जॅक आणि सीटखाली घरंगळणारी पाण्याची बाटली यांनी भल्याभल्यांना फसवलंय. मग ओळखीच्या रस्त्यावर काच खाली करून, रेडिओ बंद करून, सावकाश चालवा. बारीक खडबडीत रस्त्यावर, हळू वेगात खडखड वाजत असेल तर संशय लिंक रॉडवर. ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्समधून पुढे जाताना एकदाच ‘टक’ होत असेल तर लोअर आर्मच्या बुशवर. जागच्या जागी स्टेअरिंग फिरवताना, वंगण न घातलेल्या बैलगाडीसारखी करकर होत असेल तर बॉल जॉइंट किंवा शॉकअपची वरची बैठक. पूर्ण वळणावर कटकटकट असं ओळीनं वाजलं तर एक्सलचा जॉइंट. आणि वेगाबरोबर वाढत जाणारी घूं घूं बहुधा बेअरिंगची, नाहीतर टायरचीच. हे सगळं दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून काढा. गॅरेजमध्ये ते पान वाचून दाखवलंत की समोरच्याचा बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

आता हा लोअर आर्म म्हणजे काय प्रकरण? गाडीच्या सांगाड्यापासून चाकापर्यंत आडवा गेलेला लोखंडी हात. सांगाड्याकडच्या टोकाला रबराचे बुश असतात, चाकाकडे बॉल जॉइंट, म्हणजे लोखंडी वाटीत फिरणारी लोखंडी गोळी. आपल्या खांद्याच्या सांध्यासारखीच. चाक खड्ड्यात गेलं की हा हात खालीवर होतो आणि चाकाला जागेवर धरून ठेवतो. बुश फाटला की लोखंड लोखंडावर आपटतं, तीच ठकठक. शिवाय चाकाची जागा हलते, म्हणून टायर वाकडा झिजतो. म्हणजे आवाज आणि टायर या दोन तक्रारी पुष्कळदा एकाच दुखण्याच्या असतात.

आणि कँबर? गाडीच्या समोर उभं राहून चाकाकडे बघा. चाकाचा वरचा भाग आत झुकला असेल तर तो निगेटिव्ह कँबर, बाहेर झुकला असेल तर पॉझिटिव्ह. हे अंशांत मोजतात आणि थोडासा कल कंपनीनं मुद्दामच ठेवलेला असतो. पण वाजवीपेक्षा जास्त आत झुकलेलं चाक आतली कड खातं. दुसरं माप ‘टो’चं. माणूस जसा फेंगडा चालतो किंवा पायाचे अंगठे आत वळवून चालतो, तशी चाकं वरून बघितल्यावर बाहेर किंवा आत वळलेली असणं. टायर लवकर खाण्यात हा टो कँबरपेक्षाही तरबेज! टायरवरून आडवा हात फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागलं, तर बोट टोकडे दाखवायचं.

घरातली वडीलधारी मंडळी सांगतात, “आमच्या फियाटला चकत्या घालून पाच मिनिटांत कँबर काढायचे.” त्यांचं खोटं नाही. फियाटला, म्हणजे पुढे जिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं तिला, पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असत, आणि तशा रचनेच्या गाड्यांत पातळ चकत्या घालून चाकाचा कल बदलता येतो. (मुंबईच्या टॅक्सीतूनही पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरात गेली. काळीपिवळी आठवली की अजून चुकचुकतं.) डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि आपल्याकडच्या छोट्या गाड्यांची घडणच बदलली. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९४०च्या दशकात बसवलेली ती रचना : वरचा आर्म नाहीच, त्याचं काम उभा शॉकअपच करतो, खाली एकच आर्म. जागा वाचली, किंमत कमी झाली. पण अशा बहुतेक छोट्या गाड्यांत कँबर बदलण्याची सोय कंपनीनं ठेवलेली नसते; टो तेवढा बदलता येतो. मागच्या चाकांना आडवी तुळई असलेल्या गाड्यांत मागे तर बहुधा दोन्हीही नाही.

यातून निघणारी गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ज्या गाडीत कँबर बदलताच येत नाही, तिचा कँबर बिघडला याचा अर्थ काहीतरी झिजलंय, वाकलंय किंवा चुकीचं बसलंय. ते शोधायचं सोडून जॅकसारखं हत्यार लावून चाकाची बैठक वाकवणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर मोडण्यासारखं आहे. मशीनच्या पडद्यावर आकडा हिरवा होतो, दुकानदार खूश होतो, पण मूळ दुखणं तसंच, शिवाय लोखंडावर नको तो ताण. तेव्हा भगिनी, ‘वाकवून देतो’ला सरळ नाही म्हणा. “आधी का बिघडला ते दाखवा,” एवढंच बोला.

आमच्या काष्टीला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. बैल घ्यायला आलेला शेतकरी आधी बैल चालवून बघतो, पाय कुठं लचकतोय ते बघतो, खुराला, दाताला हात लावतो आणि मग किमतीचं बोलतो. गाडीच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. आधी विचारतो, किती होतील?

म्हणून गॅरेजमध्ये गाडी वर उचलायला लावा आणि समोर उभ्या राहा. ऊन असलं तर छत्री घ्या, पण उभ्या राहा. मेकॅनिकला चाक वर-खाली धरून हलवायला सांगा. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. आडवं धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर स्टेअरिंगचा रॉड. पहारीनं आर्म थोडा रेटला की फाटका बुश लगेच दिसतो. बॉल जॉइंटवरची रबरी टोपी फाटून ग्रीस बाहेर आलंय का, तेही बघा. टोपी फाटली की आत धूळ जाते, आणि उसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर ट्रॉल्यांमागं धुळीची काय कमतरता!

आता पत्रातल्या गाडीकडे येते. आवाज दीड महिना गेला होता, हे महत्त्वाचं. दोष नुसता लिंक रॉडचा असता तर आर्म बदलून एक दिवसही फरक पडला नसता. म्हणजे रोग बहुधा बरोबर ओळखला होता. औषध हलकं निघालं, नाहीतर द्यायची पद्धत चुकली. माझा पहिला संशय पद्धतीवर आहे. बुशचे बोल्ट शेवटचे गच्च करायचे ते गाडी जमिनीवर, तिच्या वजनानं चाकं दबलेली असताना. घाईच्या गॅरेजमध्ये गाडी हवेत लोंबकळत असतानाच बोल्ट आवळून टाकतात. कल्पना करा, हात वर धरायला लावून शिंपिणीनं ब्लाउजची बाही मापून शिवली, तर हात खाली आणल्यावर काय होईल? तसंच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि चांगला बुशसुद्धा लवकर फाटतो. तेव्हा “बोल्ट गाडी खाली घेऊन टाइट केलेत ना?” हा प्रश्न अवश्य विचारा.

दुसरा संशय मालावर. बाजारातला म्हणजे वाईटच, असं मी म्हणणार नाही. गाडीच्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे कारखानेच आपल्या नावाच्या खोक्यातूनही माल विकतात, तो स्वस्त असतो आणि चांगलाही असतो. पण त्याच खोक्याची हुबेहूब नक्कल करणारेही आहेत. आर्म हातात घेऊन जुन्याशेजारी ठेवा. लांबी, भोकं, वाक जुळतायत का? वेल्डिंगची शिवण सलग आहे की तुटक? बॉल जॉइंटची गोळी बोटांनी फिरवली तर घट्ट आणि एकसारखी फिरली पाहिजे. लुळी पडली किंवा अडकत फिरली तर परत द्या. लांबीबद्दल मी का सांगते, तर आर्म थोडाही लांब निघाला की चाकाचा खालचा भाग बाहेर ढकलला जातो, वरचा आपोआप आत झुकतो आणि आतली कड झिजते. नेमकी हीच तर पत्रातली तक्रार! पण टोमुळेही हीच कड झिजते. आर्म बदलल्यावर अलाइनमेंट केली होती का, हे पत्रात लिहिलेलं नाही. नसेल केली तर टोचा बळी गेलेला असणं जास्त संभवतं. आर्म बदलला की अलाइनमेंट करायचीच, आणि आधीच्या व नंतरच्या आकड्यांचा छापील कागद मागून घ्यायचा. दोन्ही बाजूंचा कँबर जवळजवळ सारखा आणि दिलेल्या हद्दीत असेल तर कँबरला दोष देऊ नका. एकटा डावाच हद्दीबाहेर असेल तर डावा आर्म जुन्याशी पुन्हा ताडून बघा, आणि शॉकअपही वाकला नाही ना, ते तपासून घ्या. खड्ड्यात जोरात आपटलेल्या गाडीत तो वाकतो.

नुसता बुश गेला असेल आणि बॉल जॉइंट धड असेल, तर अख्खा आर्म न घेता प्रेसवर बुश बदलून मिळतो. खर्च बराच वाचतो. हातोड्यानं ठोकून बसवणाऱ्याकडे मात्र जाऊ नका.

लांबी कमीजास्त करता येणारे, आटे पाडलेले आर्मही हल्ली मिळतात. गाडी खाली बसवून मिरवणाऱ्या हौशी मुलांसाठी ते बरे. त्यांनी कँबर हवा तसा जुळवता येतो. पण त्यांत रबराऐवजी धातूचा जॉइंट किंवा कडक पॉलियुरेथेनचा बुश असतो. तो हादरे गिळत नाही आणि वंगण सुकलं की स्वतःच करकरतो. आवाज घालवायला गेलो आणि नवा घेऊन आलो, अशी गत! शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानं गाडीच्या मूळ घडणीत मनासारखे फेरफार करायला मनाई आहे. आजारी माणसाला नेणाऱ्या घरच्या गाडीत ही हौस नको.

नवा टायर इतक्यात घेऊ नका. आधी हवा नीट भरा, मग झिजलेले भाग बदला, मग अलाइनमेंट आणि सर्वात शेवटी टायर. आतली कड खाचेतल्या १.६ मिलिमीटरच्या उंचवट्यापर्यंत आली असेल किंवा तारा दिसत असतील, तर मात्र तो टायर आजच उतरवून स्टेपनी लावा. आतली कड उभ्यानं दिसत नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवून चाक बाहेर काढा आणि वाकून बघा.

आणि एक गोष्ट आजच करा. बॉल जॉइंट सैल असेल तर तो निसटून चाक आडवं पडू शकतं, तेही चालत्या गाडीत. तो कुणीतरी हलवून बघितल्याशिवाय सासूबाईंना घेऊन भीमेचा पूल ओलांडू नका. तेवढ्या एकदोन खेपा भाड्याची गाडी करा. गॅरेजला जाताना त्या आर्मचं बिल बरोबर घ्या. गॅरंटी दिली असेल तर तिची तारीख त्यावरच सापडेल.