वाचनगृहाची वेळ कोणाच्या सोयीची?

महाविद्यालय गांवांत आलें म्हणजे ज्ञानहि गांवांत आलें, असा एक भाबडा समज आमच्या लोकांत रुजला आहे. इमारत उभी राहिली, पाटी लागली, परीक्षांचे निकाल लागूं लागले, कीं कर्तव्य संपलें! परंतु वर्गाबाहेर चार तास निवांत वाचीत बसावयास विद्यार्थ्यास जागा कोठें आहे, आणि बसल्यावर त्याच्या हातीं काय पडतें, हा प्रश्न आष्टी तालुक्यांतील कडा येथें काय, किंवा बीड जिल्ह्यांतील दुसऱ्या कोणत्याहि मोठ्या गांवीं काय, फारसा कोणी विचारीत नाहीं.

आमच्याकडील महाविद्यालयांच्या वाचनगृहांत जाऊन पाहावें. परीक्षा दूर असतांना बाकें ओस. ती जवळ आली कीं पाय ठेवावयास जागा नाहीं. बसलेल्यांपैकीं बहुतेकांच्या पुढ्यांत ग्रंथालयाचा ग्रंथ नसतोच. बाजारांतून आणलेली मार्गदर्शिका, टिपणांच्या झेरॉक्स प्रतींचा गठ्ठा, स्पर्धापरीक्षेचा प्रश्नसंग्रह आणि मोबाईल, एवढाच सरंजाम. ग्रंथ पलीकडे कपाटांत, कुलुपाआड. विद्यार्थी तेथें येतो तो पंखा, दिवा आणि शांतता यांसाठीं. यावरून आजची पिढी वाचीतच नाहीं, असा निकाल देऊन मोकळे होणारे वडीलधारे पुष्कळ आहेत. आम्हांस तो निकाल मान्य नाहीं. ज्याच्या घरीं दोन खोल्यांत सात माणसें राहतात, त्यानें शांततेसाठीं वाचनगृहाची वाट धरली तर त्यांत त्याचा अपराध कोणता? त्यास बाक देऊन ग्रंथ मात्र राखून ठेवणारांनींच उत्तर द्यावयास पाहिजे.

हीं महाविद्यालयें ज्या विद्यापीठाशीं संलग्न आहेत, त्यास १९९४ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्यांत आलें. त्या नांवासाठीं मराठवाड्यांत केवढा झगडा झाला हें येथें सांगावयास नको. १९२० नंतर लंडनमध्यें असतांना बाबासाहेब ब्रिटिश म्युझियमच्या वाचनगृहांत सकाळीं शिरत ते दार बंद होईपर्यंत उठत नसत. तेथील पुस्तक घरीं नेतां येत नसे. पण मागितलेला ग्रंथ वाचकाच्या मेजावर आणून दिला जाई. परदेशांतून आलेल्या एका निर्धन विद्यार्थ्यास दिवसभराची जागा मिळाली आणि ग्रंथहि मिळाला. आमच्या मुलास त्याच्याच जिल्ह्यांत यांपैकीं निम्में मिळतें, आणि तेंहि कचेरीच्या वेळेंत.

वेळेची ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. कड्याच्या भोंवतालचा मुलूख अवर्षणाचा. दिवाळीच्या सुमारास गाळपाचा हंगाम सुरू झाला कीं बीड जिल्ह्यांतील लाखों माणसें कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. आईबाप फडावर गेले म्हणजे मागें राहिलेला विद्यार्थी घर, गुरें आणि म्हातारी आजी यांचा धनी होतो. सकाळीं धार, दुपारीं महाविद्यालय, सायंकाळीं वैरणपाणी. त्यास मोकळीक मिळते ती रात्रीं आठ वाजतां आणि रविवारीं. नेमकें त्याच वेळीं वाचनगृहास टाळें असतें!

मुलींची अडचण याहून निराळी आहे. रात्रीं दार उघडें ठेवलें तरी शेवटच्या एस.टी.नें गांवीं जाणाऱ्या मुलीस त्याचा उपयोग काय? शिवाय तास सुटल्यावर ती घटकाभर वाचीत बसली, तर “इतका वेळ कोठें होतीस?” ही विचारणा ठरलेली. मुलीस पदवीपर्यंत शिकवूं, पण पुस्तकासाठीं अर्धा तास थांबूं देणार नाहीं, ही कोणत्या जातीची सुधारणा? घरचीं माणसें सुधारेपर्यंत तिनें थांबावें असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. तिला एकाच्या जागीं चार पुस्तकें घरीं न्यावयास द्यावींत, आणि तींहि महिनाभरासाठीं.

घरच्या या गैरसोयीची किंमत पुण्यास मोजली जाते. सदाशिव पेठेंतील अभ्यासिकांत मराठवाड्यांतून आलेले कितीतरी तरुण महिन्याच्या भाड्यानें एक खुर्ची घेऊन बसले आहेत. कोरडवाहू शेताच्या उत्पन्नांतून बाप खुर्चीचें भाडें धाडतो, आणि त्या खुर्चीबरोबर ग्रंथालय नसतेंच.

पैसा कोठून आणावा, असें संस्थाचालक म्हणतील. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यानें घरपट्टीवर ग्रंथालय-कर बसविला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यांत तसा कर नाहीं, ही उणीव खरीच. पण ती सार्वजनिक ग्रंथालयांची गोष्ट झाली. महाविद्यालयाच्या कपाटाचें कुलूप काढण्यास कोणता कर लागतो? सायंकाळची पाळी ‘कमवा व शिका’ योजनेंतील विद्यार्थ्यांवर सोंपविल्यास खर्च तो कितीसा? पुस्तकें हरवतील, ही दुसरी तक्रार. हरवोत! न उघडलेल्या कपाटांत वाळवीनें खाल्लेल्या पुस्तकांचा हिशेब एकदां मांडावा, मग हरवलेल्यांचा विचारावा.

गाळपाचा हंगाम लागण्यापूर्वीं कड्याच्या व तालुक्यांतील इतर चालकांनीं रात्रीं दहापर्यंतचें आणि रविवारचें वेळापत्रक वाचनगृहाच्या दारावर लावावें, एवढेंच आमचें तूर्त मागणें आहे.