राखणदाराच्या पोटाकडेही पाहा



सोयाबीन भरात आलं, की रात्री आखाड्यावर थांबणं आलंच. रानडुकरांचा कळप शिवारात शिरला, की पहिला आवाज देतं ते आपलं कुत्रं. पण बैलानं रवंथ सोडला तर आपण लगेच दवाखाना गाठतो, आणि कुत्र्याची चाल बदलली तर? ‘माजलंय’ किंवा ‘पिसाळलंय’, एवढ्यावर निकाल लागतो आणि हाती काठी येते.

मी काही जनावरांचा डॉक्टर नाही. पण हट्टा परिसरात कामानिमित्त फिरताना पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका आखाड्यावरचं गरीब स्वभावाचं कुत्रं अचानक गुरगुरू लागलं. लेकरांना जवळ येऊ देईना, माती खायचं, रात्रभर कण्हायचं. सोडून देण्याचा विचार चालला होता. पशुवैद्यकांनी तपासलं, तर पोटात जंत! औषध दिलं, खाणं सुधारलं आणि तीन आठवड्यांत तेच कुत्रं लेकरांमागं पळू लागलं.

यात नवल नाही. पोट आणि मेंदू नसांनी जोडलेले आहेत. मनःस्थितीशी संबंध असलेलं सेरोटोनिन हे द्रव्य शरीरात सर्वांत जास्त आतड्यातच तयार होतं. २०१९ साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी ३१ कुत्र्यांची पाहणी केली. भांडखोर आणि शांत कुत्र्यांच्या आतड्यातील जिवाणूंत त्यांना फरक आढळला. पाहणी लहान होती, त्यावरून पोटामुळंच भांडखोरपणा येतो असं म्हणता येणार नाही. पण ज्याचं पोट दुखतं ते जनावर हात लावू देत नाही, हे सांगायला विद्यापीठ कशाला पाहिजे?

मग करायचं काय? नुसत्या कोरड्या भाकरीवर कुत्र्याचं भागत नाही. भाकरीसोबत वरण, ताक, जमलं तर उकडलेलं अंडं द्या. स्वच्छ पाणी ठेवा. पंगतीतलं तेलकट, मसालेदार उष्टं, कांदा आणि शिजवलेली हाडं टाळा. शिजलेलं हाड फुटून आतड्यात रुततं. अंगदुखीची माणसाची गोळी तर कधीच देऊ नका, त्यानं पोटात जखमा होतात. जंताचं औषध वजनाप्रमाणं, डॉक्टरांना विचारूनच द्यावं. पिल्लांना ते लवकर आणि वरचेवर लागतं. पिल्लाला रक्ताची हगवण लागली, तर एक दिवसही थांबू नका.

एक सावधगिरी मात्र विसरू नका. वागणं बदललं म्हणजे पोटच बिघडलं, असं समजू नका. लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदललाय, असं दिसलं तर हाड अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. ते रेबीज असू शकतं. कुत्रं चावलं तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हळद-चुना लावत बसू नका.

आता गावकारभाऱ्यांना दोन शब्द. मटणाच्या दुकानामागं पडलेली आतडी-काळजं आणि शिवारात उघड्यावर टाकलेली मेलेली जनावरं, हीच गावातल्या कुत्र्यांची पंगत असते. शेळ्या-मेंढ्यांच्या अवयवांतल्या गाठी कुत्र्यानं खाल्ल्या, की त्याच्या पोटात बारीक फीतकृमी होतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि हातावाटे, पाण्यावाटे माणसाच्या पोटात जातात. मग माणसाच्या काळजात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी धरतात. म्हणजे प्रश्न एकट्या कुत्र्याचा राहत नाही, तो आपल्या लेकराबाळांचा होतो.

म्हणून ग्रामपंचायतीनं तो टाकाऊ माल खोल खड्ड्यात पुरण्याची सोय करावी. पशुवैद्यकीय दवाखान्याला विनंती करून वर्षातून एकदा रेबीजची लस आणि जंताचं औषध यांचं शिबिर गावात घ्यावं. त्यासाठी ग्रामसभेत एक ठराव पुरेसा आहे.

रात्रभर जागून आपलं पीक राखणाऱ्याला बोलता येत नाही. त्याच्या गुरगुरण्याचा अर्थ आपणच लावायचा. काठी उचलण्याआधी एकदा त्याच्या ताटलीत काय आहे, ते पाहा.