कोकणात जायचं तर पन्नाशीतच

पंचेचाळिशी उलटली की मुंबई-पुण्यातल्या पुष्कळ घरांत एक विषय निघू लागतो. गुहागर, दापोली, नाहीतर मालवण-वेंगुर्ल्याकडे जाऊन राहायचं का? बहुतेक वेळा तो एकाच उत्तरावर मिटतो: 'आत्ता नको, निवृत्त झाल्यावर बघू.' हे उत्तर सगळ्यांना शहाणपणाचं वाटतं. मला ते फसवं वाटतं. समुद्रकाठच्या लहान गावात ज्यांना खरंच राहायचं आहे, त्यांनी पन्नाशीच्या आसपासच जावं. साठीनंतर पहिल्यांदा जायचा बेत असेल तर तो सोडून द्यावा. आमच्या घरीही हाच विषय चालू आहे, सासरचं गाव गुहागर तालुक्यात आहे, म्हणून हे जरा तावातावानं लिहिते आहे.

आधी माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडते. 'जावं' म्हणणारे जी कारणं देतात, त्यांतली दोन मला मुळीच पटत नाहीत.

पहिलं कारण शांततेचं. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव लागतो तेव्हा तिथे कानठळ्या बसतात. मे महिन्यात आणि नाताळाच्या सुट्टीत याच किनाऱ्यांवर वाळूत गाड्या घातलेल्या दिसतात. पावसाळ्यात मात्र खरी शांतता असते, आणि ती सोसावी लागते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, वीज जाते ती कधी येईल सांगता येत नाही. खाऱ्या वाऱ्यानं बिजागऱ्या, नळ, फ्रिजचे पत्रे गंजतात. शिवाय ही शांतता आली कुठून तेही पाहायला हवं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. वाड्यावाड्यांतून बंद घरं आहेत, त्यांची कुलपं गणपतीला आणि शिमग्याला निघतात. शहरातल्या माणसाला जी निवांत वाटते ती गल्ली तिथल्या म्हातारीला ओस वाटते.

दुसरं कारण स्वस्ताईचं. भाजीपाला घाटावरून येतो, त्याचं भाडं त्याच्या दरात बसतं. चांगली मासळी बाहेरच्या बाजारात जाते आणि तिचा भाव बाहेरचा बाजार ठरवतो. कौलं दरवर्षी चाळावी लागतात, गडगा ढासळला तर तो रचणारा माणूस शोधावा लागतो, नारळ पाडायलाही वेळेवर कुणी मिळत नाही. नवी जागा घेणाऱ्यांचा घोळ वेगळा. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. समुद्रालगतच्या बांधकामावर सीआरझेडची बंधनं आहेत. आणि 'आमचं वडिलोपार्जित घर आहे की!' म्हणणाऱ्यांनी आधी सातबारा काढून वाचावा. आजोबा-पणजोबांपासूनच्या सामायिक जमिनीवर पाच-पन्नास सहहिस्सेदारांची नावं असतात. त्यातला एक ठाण्यात, एक बडोद्यात, एक परदेशात, आणि दोघे वारलेले, त्यांची वारस नोंदच नाही. एका न्हाणीघरापायी भाऊबंदकी उभी राहू शकते. स्वस्तात सुख मिळेल म्हणून जाणाऱ्यानं जाऊ नये.

आता 'निवृत्तीनंतर' म्हणणाऱ्यांकडे वळते.

त्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा दवाखान्याचा आहे, आणि तो खोटा नाही. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण आजही अनेकदा गोव्याला, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यावा लागतो. चिपळूण-गुहागरकडच्यांना डेरवणच्या रुग्णालयाचा आधार आहे. अलीकडच्या वर्षांत दोन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, तरी रात्री दोन वाजता छातीत दुखू लागलं तर खाडीपलीकडच्या वाडीतून तिथे पोचायचं कसं, हा प्रश्न उरतोच. ज्याला डायलिसिस चालू आहे किंवा ज्याचं हृदय तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आहे, त्यानं शहर सोडू नये, हे मी स्पष्टच म्हणते. पण हा युक्तिवाद निवृत्तीनंतर जाण्याच्या बाजूचा कसा होतो? रुग्णालय लांब असणं ही अडचण पन्नाशीत मोठी की सत्तरीत? पन्नाशीत आलेला माणूस तालुक्याच्या डॉक्टरांना ओळखू लागतो. कोणाची जीप रात्री निघते, कोणाचा मुलगा रुग्णवाहिका चालवतो, हे त्याला ठाऊक होतं. सत्तरीत आलेल्याच्या हाती फक्त फोन असतो, आणि पावसात त्यालाही रेंज नसते. म्हणूनच वाडीपेक्षा तालुक्याच्या ठिकाणी किंवा त्याच्या हाकेच्या अंतरावर राहावं.

अशी ओळख आजारपणापुरतीच लागत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौलं आणि पत्रे उडाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ कोकणाला घासून गेलं. अशा वेळी घरावर ताडपत्री घालायला चढणारं, पडलेलं झाड तोडून वाट मोकळी करणारं, पंचनाम्यासाठी तलाठ्यामागे उभं राहणारं माणूस लागतं. मदत शेजारून येते, आणि आधी आपण कुणाच्या तरी अडीनडीला धावलेलो असतो म्हणून येते. ती ओळख मुरायला वर्षं लागतात. पोफळीचं रोप लावलं की सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं थांबावं लागतं, गावातल्या माणसाचंही तसंच. पासष्टीत रोप लावणाऱ्यानं हा हिशेब मांडून बघावा.

मुलांच्या शिक्षणाचा मुद्दा थोडक्यात. कोकणातल्या शाळांना नाक मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की २०१२ मध्ये कोकण विभागीय मंडळ वेगळं झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालात तेच वर्षानुवर्षं पहिलं असतं. बारावीनंतरच्या वाटा मात्र तिथे अरुंद आहेत. मूल नववी-दहावीत असेल तर त्याला उपटून नेऊ नये. दोन-तीन वर्षं थांबावं.

ज्या मुद्द्यावर कुणीच बोलत नाही तो मला सगळ्यात मोठा वाटतो. गावाला जायची ओढ घरातल्या पुरुषाला असते, कारण ते त्याचं गाव असतं. तिथल्या विहिरीत तो पोहायला शिकलेला असतो. बायकोसाठी ते सासर असतं. मुंबईच्या दोन खोल्यांत तिनं कमावलेली मोकळीक, स्वतःची नोकरी, मैत्रिणी, संध्याकाळी सातनंतर एकटीनं बाहेर पडण्याची सवय, हे सगळं सोडून तिनं पुन्हा पडवीत डोक्यावर पदर घेतलेल्या चुलतसासूसमोर उभं राहायचं. गणपतीत घरी येणाऱ्या वीस माणसांचा स्वयंपाक कोण करणार, याचं उत्तर कुणी विचारतही नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष चाकरमानी होऊन मुंबईला गेले आणि मनीऑर्डरच्या आधारानं गाव राखलं ते बायकांनी. शेत त्यांनी लावलं, म्हाताऱ्या माणसांचं त्यांनी केलं. आता पन्नाशीचा पुरुष समुद्राच्या ओढीनं परत निघाला असेल, तर घरचं काम, पाहुण्यांचं काम आणि आजारपणं यांत आपला वाटा किती, हे त्यानं निघण्यापूर्वी ठरवावं. बायकोच्या मनापासून होकाराशिवाय हा निर्णय घेणं अन्याय आहे. दोघांना मान्य नसेल ते घर विकत घेऊ नये, मग समुद्र कितीही जवळ असो.

एवढं खोडून काढल्यावर जायचं कशासाठी, असं कुणी विचारेल. कामासाठी जायचं, आणि ते काम पन्नाशीतच करता येतं. तिथे माणसं कमी आहेत, आणि आहेत त्यांत शाळकरी मुलं आणि म्हातारी फार. मधल्या वयाची, हिशेब समजणारी, अर्ज लिहिता येणारी, शहरातल्या कचेऱ्यांची भीती न वाटणारी माणसं गावाला हवी आहेत. हायस्कूलला गणिताचा तास घेणारं कुणी हवं आहे. जुन्या वाचनालयाला चिटणीस मिळत नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं उदाहरण सगळ्यांनी बघावं. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी यांनी मिळून सागरी कासवांची अंडी राखली, पिल्लं समुद्रात सोडली. आता ते बघायला लोक येतात, गावकऱ्यांच्या घरी राहतात, जेवतात, आणि चार पैसे गावातच उरतात. असं काम चिकाटीनं धरून ठेवायला वर्षामागून वर्षं द्यावी लागतात. नव्यानं आलेल्यानं पहिली वर्ष-दोन वर्षं सल्ले देऊ नयेत, ग्रामसभेत मागे बसून ऐकावं. पुढे त्याचा शब्द गाव ऐकेल.

शहर सोडणं पळपुटेपणा आहे, हा आरोपही मला मान्य नाही. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं लोकलला लोंबकळून नोकरी केली, घरकर्ज फेडलं, मुलं वाढवली, त्यांना उरलेली ताकद कुठे खर्चायची ते ठरवायचा हक्क आहे. ती ताकद अंगात असताना ठरवा, एवढंच मी म्हणते.

तेव्हा जमीन बघायला जाऊ नका, शहरातलं घर विकू नका. येत्या जूनमध्ये तालुक्याच्या गावी भाड्यानं दोन खोल्या घ्या आणि दोघांनी मिळून सबंध पावसाळा तिथे काढा. सप्टेंबरच्या अखेरीस निर्णय घ्या, आणि पहिलं मत बायकोला मांडू द्या.