जमिनीचे मोजमाप कोणासाठी?

झरी जामणी तालुक्याची भूमी सरकारला आणि भांडवलाला अपरिचित नाही. मुकुटबनच्या परिसरात चुनखडी किती खोलीवर आहे, तिची प्रत कोणती, मार्की-मांगलीच्या कोळशाचा थर किती जाडीचा, हे सारे जमिनीत छिद्रे घेऊन पारखले गेले. त्या हिशेबावर खाणी उघडल्या आणि २०२२ साली मुकुटबनला सिमेंटचा कारखाना सुरू झाला. याच भूमीवर कोलामांचे पोड आहेत. पोडावरचा माणूस ज्या भुईवर पाठ टेकतो तिच्यातून कोणता वायू वर येतो, हे मोजण्याची निकड मात्र नियोजनकर्त्यांना भासत नाही.

हा वायू म्हणजे रेडॉन. खडकात आणि मातीत अल्पांशाने असलेल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन अशी ही वंशावळ आहे. त्याला रंग नाही, वास नाही. ३.८ दिवसांत तो निम्मा होतो; पण मातीच्या पोकळ्यांतून आणि फरशीच्या भेगांतून घरात शिरण्यास तेवढा अवधी पुरतो. पुढे त्याच्या विघटनातून निपजणारे किरणोत्सारी कण श्वासावाटे फुप्फुसात रुततात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली रेडॉनला मानवी कर्करोगाचे सिद्ध कारण ठरविले. घरातील हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली दर घनमीटरला १०० बेक्वेरेल ही पातळी सुचविली, आणि ती साधणे अशक्य असेल तेथेही ३०० ओलांडू नये असे बजावले. बिडी ओढणाऱ्याला हा धोका कित्येक पटींनी अधिक.

हे मोजणे देशाला जमत नाही, असे म्हणण्याची सोय नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राला ही विद्या उत्तम अवगत आहे. जमिनीत नळी ठोकून वायू खेचावा, किंवा विशिष्ट प्लास्टिकची फीत पेल्यात घालून काही आठवडे पुरावी, नंतर कॉस्टिक सोड्यात धुऊन तिच्यावरचे कणांचे ओरखडे मोजावेत, इतकी ती साधी आहे. युरेनियमचा शोध घेण्यासाठी मातीतला रेडॉन मोजण्याची पद्धत जुनी आहे, आणि अणुखनिज संचालनालयाचे विभागीय कार्यालय नागपुरातच आहे. म्हणजे वायू धातूचा पत्ता सांगणार असेल तर तो मोजण्याजोगा. माणसाच्या छातीत जाणार असेल तर तो अंदाजपत्रकाबाहेर!

या प्रश्नाची वेळ आजचीच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने आदिम जमातींसाठी 'पीएम-जनमन' योजना आरंभिली. महाराष्ट्रातील कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड या तीन जमाती तीत येतात. घरकुलासाठी दोन लाख रुपये मिळतात. पक्क्या घरावर कोलामांचा हक्क आहे, याविषयी दुमत नाही. परंतु कुडाच्या भिंतीतून वारा खेळत असे. भुईतून आलेला वायू तसाच निघूनही जाई. एका खिडकीची, दार लावताच बंदिस्त होणारी सिमेंटची खोली हा वायू कोंडून धरते. घरकुलासाठी आधार लागते, बँकखाते लागते, जागेचे छायाचित्र अक्षांश-रेखांशासह लागते. मातीतील वायूची नोंद त्या कागदांत नाही.

'विदर्भाचा काळा पाषाण युरेनियमने दरिद्री, तेव्हा चिंता कसली?' असा युक्तिवाद होईल. पाषाणापुरता तो खरा आहे. पण तालुक्याच्या या भागात तो पाषाण संपतो. पैनगंगा समूहाचे चुनखडक आणि गोंडवनाचे कोळशाचे थर वर येतात. सरासरीवर राहणारा माणूस कोणत्याच पोडावर नसतो.

चेक प्रजासत्ताकाने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. याखिमोवच्या खाणींत पिढ्यानपिढ्या कामगार फुप्फुसाच्या रोगाने मेले, आणि १९५० च्या दशकात समाजवादाचे नाव घेणाऱ्या राजवटीने तेथे राजकीय कैदी राबविले. हे समाजवाद्यांनीच प्रथम सांगितले पाहिजे. पुढे १९९७ च्या अणुकायद्याने त्या देशात घर बांधण्याआधी जागेचा रेडॉन-निर्देशांक काढणे बंधनकारक झाले. सुमारे ८० सेंटिमीटर खोलीवरून वायू घ्यायचा, माती किती सच्छिद्र आहे तेही पाहायचे आणि मगच पाया घालायचा.

उपोषण, मलेरिया, बेकारी यांपुढे हा चैनीचा प्रश्न आहे, असे म्हणणारे आपल्यातही निघतील. त्यांनी शेजारच्या पांढरकवड्याकडे पाहावे. त्या परिसरातील भूजलात फ्लोराईड असल्याचा शोधनिबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. तोवर हातपंपांचे पाणी किती वर्षे पोटात गेले होते! आधी खोदायचे आणि मागाहून मोजायचे, हा क्रम गरिबांच्याच वाट्याला का यावा? आणि खर्च तरी किती? फरशीखाली गिट्टीचा थर, त्यावर जाड प्लास्टिकचा अखंड पडदा, नळ आणि भिंतीच्या फटी बुजविणे, गिट्टीतून छपरावर नेलेला एक पाईप. पाया उघडा असताना हे काम गवंड्याच्या एका दिवसाचे आहे. फरशी झाल्यावर तीच फोडावी लागते.

झरी जामणीतील कार्यकर्त्यांनी घरकुलांची पुढली यादी वाचली जाईल त्या ग्रामसभेत दोन ठराव मांडावेत: प्रत्येक पोडावरील जागेचा मातीतील रेडॉन पायाआधी मोजावा, आणि बांधून झालेल्या घरांत पावसाळा व हिवाळा धरून वर्षभर फिती टांगाव्यात. मोजणीचे आकडे मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत.