एरोस्पेस हवं, पण वर्कशॉप नको?

'अल-अमल' यान फेब्रुवारी २०२१मध्ये मंगळाच्या कक्षेत पोचलं, २०२३मध्ये चांद्रयान-३ उतरलं, आणि आता दुबईतल्या आपल्या प्रत्येक गेट-टुगेदरला कुणाचं ना कुणाचं पोर 'एरोस्पेस' करायला निघालेलं असतं. छानच आहे. याच विषयात डॉक्टरेट करून मी पोस्टडॉक करतोय, मला का वाईट वाटेल? पण तेच पोर सुट्टीत अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये काम शिकायला जातो म्हणालं, तर तुमचा चेहरा का पडतो?

अल क्वोज आपल्याला ठाऊक ते अल्सरकाल अव्हेन्यूच्या गॅलऱ्यांसाठी, नाहीतर गाडीला पोचा पडला तर. मागच्या गल्ल्यांत लेथ फिरतात, वेल्डिंग चालतं, तिकडे आपण काच खाली करत नाही.

माझं काम कार्बन फायबरवर. साच्याला वॅक्स लावणं, कापडाचे थर ठरल्या कोनात बसवणं, व्हॅक्यूम बॅग कुठे गळतेय ते शोधणं, यातच अर्धा आठवडा जातो. आत हवेचा बुडबुडा राहिला की थर तिथून सुटू शकतात. हे मला शिकवलं एका तंत्रज्ञाने, ज्याच्याकडे कुठलीच पदवी नव्हती.

इस्रोच्या रॉकेटांची मोटर-केसिंग्ज इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनतात, साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. विकास इंजिनं बनवते विक्रोळीची गोदरेज. हो, कपाटवालीच! आणि इस्रोच्या केंद्रीय भरतीत जागा निघतात त्या मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांसाठी.

ब्रोशरमध्ये यातलं काही नसतं. तिथे नासाचा फोटो असतो. नासाच्या कायम नोकरीला सहसा अमेरिकी नागरिकत्व लागतं, हे नसतं. नुसत्या पदवीवर विमानाच्या दुरुस्तीनंतर 'उडायला योग्य' अशी सही करता येत नाही, त्यासाठी मेंटेनन्सचं वेगळं लायसन्स लागतं, हेही नसतं. कित्येक पालकांना हा फरक फी भरल्यावर कळतो.

तेव्हा पुढच्या वेळी समुपदेशकासमोर बसाल तेव्हा प्लेसमेंटचा आकडा नंतर विचारा. आधी विचारा, चार वर्षांत वर्कशॉपचे तास किती, आणि मशीनला हात मुलं लावतात की नुसतं लांबून बघतात?