बाईंची चूक आणि पिवळा दात

बालमित्रांनो, आज मी तुम्हांला माझीच एक चूक सांगणार आहे.

आमच्या चिखलीतल्या शाळेत चौथीत एक मुलगी आहे. तिचा पुढचा दात पिवळट दिसतो, म्हणून ती हसताना तोंडावर हात धरते. एकदा मी भर वर्गात म्हणाले, "अगं, दात घासत जा नीट!" ती मान खाली घालून म्हणाली, "बाई, रोज घासते. जोरजोरात घासते."

मग कळलं, दुसरीत असताना पडून तिचा दात तुटला होता. डॉक्टरांनी त्यावर दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं होतं. त्याला 'कॉम्पोझिट' म्हणतात.

काय असतं बरं त्यात? आपला डांबरी रस्ता आठवा. डांबर खडीला धरून ठेवतं ना? इथं डांबराच्या जागी रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिक आणि खडीच्या जागी काचेची अगदी बारीक पूड. हा मऊ लगदा दातावर बसवून निळा प्रकाश टाकला, की काही सेकंदांत कडक होतो. अमेरिकेतल्या राफाएल बोवेन यांना अशा रेझिनचं पेटंट १९६२ साली मिळालं.

रस्ता जुना झाला, की डांबर झिजतं, खडी उघडी पडते, निघूनही जाते. दातावरही तसंच होतं. चावून, घासून रेझिन झिजतं, काचेचे कण सुटतात आणि जागा खरखरीत होते. तिथे चहाचे डाग आणि जंतूंचा थर पटकन बसतो. शिवाय रेझिन थोडं पाणी शोषतं. त्याबरोबर हळदीचा, चहाचा रंग आत मुरतो.

म्हणजे ती बिचारी जोरात घासत होती, तसा दात आणखी खरखरीत होत होता! म्हणून मऊ ब्रश आणि हलका हात हवा. राखुंडी, मिश्री नकोच.

उपाय आहे बरं का! वर्कशॉपमध्ये पॉलिश पेपर आधी जाड, मग बारीक वापरतात. तुमच्यापैकी काहींचे बाबा हेच काम करत असतील. डॉक्टरही बारीक चकत्यांनी कॉम्पोझिट तसंच गुळगुळीत करतात. वरवरचे डाग जातात. रंग आत मुरला असेल, तर भरलेला थर बदलावा लागतो. आईबाबांनो, कडेला काळी रेघ दिसली तर ती नुसता डाग आहे की कीड, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

मी त्या मुलीची वर्गासमोरच माफी मागितली. चूक वर्गासमोर केली होती ना!

आता तुमचं काम. घरातला प्लॅस्टिकचा जुना डबा आणि स्टीलचा डबा शेजारी ठेवा. हळदीचा डाग कुठे राहिलाय? ओरखड्यांपाशी जास्त आहे का? वहीत लिहून ठेवा हं!

तुमच्या बाई